नदीचा चार्ज

भाऊसाहेबांनी नदीवर शिक्का मारला.

तो नीट उमटला नाही म्हणून त्यांनी पॅडवर दोनदा दाबून पुन्हा मारला, या वेळी बरोबर पुलाच्या मधल्या खांबाच्या डोक्यावर. मग नकाशावर फुंकर घालून तो टेबलापलीकडे उभ्या असलेल्या गणितवाल्यांकडे सरकवला.

"घ्या. वाटप झालं."

गणितवाल्यांनी नकाशा पाहिला. सकाळी त्यांनी तो हेडक्लार्कच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या, टेबलावर ठेवला तेव्हा त्यावर पेन्सिलीने नदीचे बारा तुकडे पाडलेले होते, आणि कोणत्या टेबलावरचा संगणक कोणता तुकडा सोडवणार हे शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ते सगळं आता खोडलेलं होतं. त्या जागी लाल शाईत कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी उतरली होती. मधल्या खांबावर लिहिलं होतं: तुकडा क्र. १, भाऊसाहेब.

"भाऊसाहेब, हा क्रम जरा बदललाय."

"बदललाय? होताच कुठे? मधला खांब तुम्ही टपालबाईंना दिला होतात. सहा वर्षं नोकरी झालीय त्यांची. आणि मला काय दिलंत? इथे, शेवटी, पाणी बाहेर पडतं तिथे. एकतीस वर्षं नोकरी करून मी सांडपाण्यावर?"

"सांडपाणी नाही हो ते. नदीच आहे."

"मग तिथे टपालबाईंना बसवा."

आवक-जावक सांभाळणाऱ्या टपालबाई पलीकडच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाल्या, "मला कुठेही बसवा. मला पोहता येतं."

गणितवाल्यांनी बोलण्यासाठी तोंड उघडलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बरं," ते म्हणाले.

जलमार्ग कार्यालयात गणितवाले एकोणीस वर्षं पाण्याचं गणित करत होते. पाणी कुठे वळेल, कुठे काठ खाईल, कुठे गाळ टाकील, हे ते कागदावर सांगत. त्या कागदांवर वरून 'माहितीस्तव' असा शेरा येई आणि ते कपाटात जात. त्यांच्या सांगण्यावरून आजवर एक वीटही हललेली नव्हती. खरं तर त्यांनाही मनातून वाटे की नाही हलली तेच बरं. चुकलं असतं तर?

पण या पुलाचं वेगळं होतं. आराखड्यातला मधला खांब जिथे होता तिथे तो राहिला, तर पाणी त्याला वळसा घालून डाव्या काठावर आदळणार आणि काठ खात जाणार, असं त्यांना वाटत होतं. काठावर सात घरं होती आणि एक बालवाडी. मंगळवारी त्यांनी धीर करून साहेबांना तसं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते, घाईत असत.

"वाटतं म्हणून खांब हलवता येत नाही," साहेब म्हणाले. "सोमवारी अकरा वाजता आराखडा सहीला जातो. त्याआधी चित्र दाखवा, मी खांब सरकवतो. नंतर दाखवलंत तर फ्रेम करून भिंतीवर लावतो."

मोठ्या संगणकाच्या रांगेत कार्यालयाचा नंबर साडेतीन महिन्यांनी होता. म्हणून गणितवाल्यांनी कार्यालयातलेच बारा संगणक तारांनी एकमेकांना जोडले. नदीच्या बारीक बारीक चौकटी पाडायच्या. प्रत्येक संगणकाने आपल्या तुकड्यातल्या चौकटींचं पाणी एक पाऊल पुढे न्यायचं, कडेचे आकडे शेजाऱ्यांना सांगायचे, त्यांचे ऐकायचे आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. अशी चाळीस हजार पावलं. तेवढ्यात नदीचा अर्धा तास होणार होता.

यात अट एकच होती. शेजाऱ्याचे आकडे आल्याशिवाय कोणालाही पुढे जाता येत नसे. मधल्या खांबापाशी पाणी फार गिरक्या घेतं, तिथल्या चौकटी सर्वांत बारीक, म्हणून तिथे काम सर्वांत जास्त. टपालबाईंचा संगणक सर्वांत नवा होता. भाऊसाहेबांचा हा कार्यालयात आलेला पहिला संगणक. त्याच्या पडद्यावरचं पारदर्शक प्लास्टिक त्यांनी अजून काढलेलं नव्हतं. त्यांना दोनदा नवा देऊ केला होता. दोन्ही वेळा त्यांनी लेखी नकार दिला होता.

बुधवारी दुपारी वाटपावर साहेबांची सही झाली आणि नदी सुरू झाली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत दोन हजार शंभर पावलं झाली होती. गणितवाल्यांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. उत्तर पटेना म्हणून पुन्हा केला. या चालीने काम पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला संपत होतं. खिडकीबाहेर खरी नदी तेच काम अर्ध्या तासात उरकून निघून जात होती.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"भाऊसाहेब म्हणजे जुनी पेन्सिल परत केल्याशिवाय नवी देत नाहीत, ते?"

"तेच."

"मग सांगा ना सरळ. तुमच्यापाशी घोडं अडलंय म्हणावं."

"असं कसं म्हणायचं?"

"अहो, माझ्या आईने विणलेला स्वेटर तुम्हाला दंडात घट्ट होतो, हे तिला सांगायला तुम्हाला किती वर्षं लागली?"

"मी अजून सांगितलेलं नाही."

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली आणि उशीचा अभ्रा त्यांच्या हातात दिला. "धरा ते टोक."

शुक्रवारी सकाळी ते ठरवून लवकर गेले. भाऊसाहेब आधीच येऊन आपल्या पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर नुसते आकडे सरकत होते, पण ते त्याकडे असे पाहत होते, जणू खाली वाकून काठावरून पाहताहेत.

"गणितवाले, या. बघा, माझा संगणक एक मिनिट रिकामा बसत नाही. आणि इतरांचे? मी काल सगळ्या टेबलांवरून फिरलो. सगळ्यांचे पडदे 'वाट पाहत आहे' म्हणतात. कामाच्या वेळेत!"

"भाऊसाहेब, त्याचं असं आहे..."

"तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही मऊ आहात. मी बघतो."

बघतो म्हणजे त्यांनी काय केलं ते साडेदहाला कळलं. अकरा टेबलांवर अकरा मेमो गेले. 'आपल्या ताब्यातील संगणक कार्यालयीन वेळेत रिकामा का बसतो, याचा लेखी खुलासा बारा वाजेपर्यंत करावा.'

गणितवाले घाईघाईने टपालबाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, काहीतरी गोलमाल लिहा. वीजदाब वगैरे."

"मी का गोलमाल लिहू? विचारलंय, तर सांगते."

"त्यांना वाईट वाटेल."

"आणि मला मेमो आला त्याचं? सहा वर्षांत पहिला आहे माझा."

त्यांनी एका ओळीत खुलासा लिहिला आणि सही केली. बाकीच्या दहा जणांनी, खुलासा लिहायची वेळ आली की नेहमी करत तेच केलं. टपालबाईंचा मागून घेतला आणि उतरवून काढला.

बारा वाजता अकरा कागद भाऊसाहेबांच्या टेबलावर पोचले. त्यांनी ते तारीख पाहून लावले, प्रत्येकावर आवक क्रमांक टाकला आणि वाचायला घेतले. पहिल्यावर लिहिलं होतं: 'तुकडा क्र. १ ची वाट पाहत आहे.' दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. त्यांनी मधला एकही सोडला नाही. अकरावा वाचून झाल्यावर त्यांनी सगळे सारखे करून त्यांना टाचणी लावली.

"गणितवाले."

गणितवाले पुढे येऊन उभे राहिले.

"हे खरं?"

"यंत्र जुनं आहे जरा. तुमचा यात काही..."

"सोमवारपर्यंत होतं का?"

"नाही."

"कधी होतं?"

"पुढच्या महिन्यात. वीस तारखेच्या आसपास."

"आणि ती घरं?"

"ती आहेत तिथेच. सध्या."

भाऊसाहेब टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहत राहिले. मग त्याच्याशीच बोलावं तसे हळू म्हणाले, "एकतीस वर्षं नदीच्या कार्यालयात काढली. लोकांच्या रजा पाहिल्या, पेन्शनी पाहिल्या, खुर्च्यांना नंबर घातले. नदी कधी टेबलावर आली नव्हती."

यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. गणितवाल्यांना ते काय असावं हे दोन दिवसांनी, आंघोळ करताना सुचलं. त्या वेळी ते नुसतं "हो" म्हणाले.

भाऊसाहेबांनी खण उघडला आणि छापील रजेचा अर्ज काढला. वरचा पिवळा पडला होता, म्हणून खालचा घेतला.

"साहेबांच्या सहीचं वाटप आहे. मी हजर असताना माझा तुकडा दुसऱ्याला देता येत नाही," लिहिता लिहिता ते म्हणाले. "तेव्हा मी हजर नाही. आज दुपारपासून सोमवारपर्यंत किरकोळ रजा. टपालबाई, इकडे या. चार्ज घ्या."

टपालबाई आल्या. त्यांच्या तोंडात तयार असलेलं काहीतरी त्यांनी तोंडातच ठेवलं.

चार्जची यादी भाऊसाहेबांनी आपल्या हाताने, दोन प्रतींत लिहिली:

'१. नदी, तुकडा क्र. १, लांबी ऐंशी मीटर, वाहती.
२. पुलाचे खांब, नग दोन. पैकी एक वादात.
३. भोवरे. मोजता आले नाहीत.'

"मोजून द्या ना," टपालबाई म्हणाल्या. "उद्या कमी भरले तर माझ्यावर यायचं."

"ते सारखे होतात आणि मोडतात. पहिल्या दिवशी मी चार मोजले होते."

टपालबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आकड्यांच्या त्या रांगांमधून कोणी भोवरे मोजू शकतं, हे गणितवाल्यांनाही नवीन होतं.

"मिळाले, असं लिहिते," टपालबाई म्हणाल्या आणि दोन्ही प्रतींवर सही केली.

भाऊसाहेब डबा घेऊन बाहेर पडले. तुकड्यांची अदलाबदल करून गणितवाल्यांनी नदी पुन्हा सोडली, तेव्हा पावलांचा आकडा इतक्या भराभर पळायला लागला की काहीतरी मोडलं असावं असं त्यांना वाटलं. काही मोडलं नव्हतं. दुपारी खिडकीतून पाहिलं तर भाऊसाहेब समोरच्या रस्त्यापलीकडे बाकावर बसलेले. रजेत काय करतात हे त्यांना ठाऊक नसावं. पाच वाजता कार्यालय सुटलं तसे ते उठले आणि नेहमीच्या वेळेला घरी गेले.

सोमवारी दहा वाजता चित्र तयार होतं. पाणी खांबाला वळसा घालून डाव्या काठावर आदळत होतं, बालवाडीच्या बरोबर खाली. साहेबांनी ते उभ्या उभ्या पाहिलं.

"किती सरकवायचा?"

"साडेचार मीटर. उजवीकडे."

"नक्की?"

एकोणीस वर्षांच्या अहवालांत गणितवाल्यांनी 'बहुधा', 'साधारणतः' आणि 'असे वाटते' यांखेरीज विधान केलेलं नव्हतं.

"नक्की," ते म्हणाले, आणि बाहेर आले. आतून साहेबांचा आवाज आला. आराखडा परत मागवला जात होता.

मंगळवारी भाऊसाहेब पावणेदहाला हजर झाले. डबा कपाटात ठेवला, टेबलावर फडकं मारलं आणि टपालबाईंसमोर जाऊन उभे राहिले. हातात यादीची प्रत होती.

"झाली रजा. आणा माझा चार्ज."

टपालबाईंनी गणितवाल्यांकडे पाहिलं. काम कालच संपलं होतं. तारा काढून, गुंडाळून खोक्यात भरल्या होत्या. कोणाच्याच टेबलावर आता नदी नव्हती, आणि हे सांगायचं काम टपालबाईंनी पहिल्यांदाच दुसऱ्यावर सोडलं.

गणितवाल्यांनी चष्मा काढला. पुसला नाही.

"भाऊसाहेब, तो तुकडा संपला. खांब सरकला. घरं राहिली."

"राहिली?"

"राहिली."

"चांगलं झालं," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी यादीची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी. "मग याची दप्तरी नोंद करून टाकतो."

"पण एक फेरी बाकी आहे," गणितवाले म्हणाले. ते काय बोलताहेत हे बोलता बोलताच त्यांना कळत होतं. "पुलाशिवायची. नुसती नदी. बारा टेबलांवर नाही, एकाच यंत्रावर करायचीय."

"सगळी?"

"अख्खी. वरच्या वळणापासून खालपर्यंत. जरा मोठ्या चौकटी घेऊ."

"वेळ किती लागेल?"

"तुमच्या यंत्रावर... वर्षभर तरी."

"घाई कोणाला आहे?"

"कोणालाच नाही. शेजारीच नाहीत, तर वाट कोण पाहणार?"

टपालबाईंनी आवकच्या रजिस्टरमध्ये डोकं घातलं होतं. तिथूनच त्या म्हणाल्या, "अख्खी नदी एकट्याला! आणि आम्ही टपाल फोडायचं. चालू द्या तुमची ज्येष्ठता."

भाऊसाहेब आपल्या जागेवर जाऊन बसले. थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. मग नखाने कोपरा उचकटून त्यावरचं प्लास्टिक सोलून काढलं. ते बरंच चिवट झालं होतं. त्याची नीट घडी घालून त्यांनी ती खणात ठेवली.

"सोडू पाणी?" गणितवाल्यांनी विचारलं.

"थांबा."

भाऊसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"हं. सोडा."