मीमॉच्या लोण्याचा डबा

"तूच दिलंस तिला. या घरात दुसरं कोण देणार?" रॉय म्हणाला आणि पोराच्या जॅकेटचे खिसे उलटे केले. दोन स्क्रू निघाले नि च्युइंगगमचा कागद.

"शोधा की अजून," ट्रॅव्हिस म्हणाला. "बूट राहिलेत."

अकराला शाळेतून फोन आला होता. धाकटी ब्रिन, तेरा वर्षांची, बँडच्या तासाला ट्रम्पेटसकट कोसळली होती. डॉक्टर विचारत होते, पोरीनं काय खाल्लं, किती खाल्लं. दवाखान्यातून आईनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा रॉयनं काही माहीत नाही म्हणून सांगितलं आणि मोठ्या पोरावर घसरला. सतरा वर्षांचा, शाळा सोडून टायरच्या दुकानात लागलेला. घरात काही बिघडलं की नाव त्याचंच.

ट्रॅव्हिसचं डोकं तापलं होतं, पण डोळे चालू होते. सिंकशेजारी केकचा ट्रे घासून पालथा घातलेला. ब्रिन जन्मात कधी चमचा विसळत नसे; ट्रे दुसऱ्याच कोणी घासला होता.

त्यानं फ्रिज उघडला.

"तिथं काय आहे?" रॉयनं विचारलं, जरा जास्तच घाईनं.

मार्गारिनचे, म्हणजे नकली लोण्याचे, रिकामे डबे या गावात कोणी टाकत नाही. एकात कालचा घेवडा, एकात बटणं, आणि एकात मीमॉचं, म्हणजे आजीचं, औषधाचं लोणी. गांजा घालून कढवलेलं. सांधेदुखीसाठी तिच्याकडे औषध म्हणून गांजा घेण्याच्या परवान्याचं रीतसर कार्ड होतं, आणि दुखणंही खरं होतं. रॉयनंही पाठदुखीचं नाव सांगून फोनवर पाच मिनिटांत कार्ड काढलेलं, पाठ ठणठणीत. औषध कुलपात ठेवायचं हे दोघांनाही ठाऊक होतं. पण लोण्याला कुलूप कोण लावतं?

मीमॉ रोज सुरीनं वरचा थर सारखा करायची. आज मधोमध हा मोठा खड्डा, अख्ख्या केकला पुरेल एवढ्या लोण्याचा.

"मीमॉ, हे तू घेतलंस?" टेबलाशी बसलेल्या आजीला त्यानं विचारलं.

म्हातारी खड्ड्याकडे बघतच राहिली. "मी नखाएवढं घेते रे."

रॉयचा आवाज एकदम मऊ झाला. ट्रे त्यानंच घासला होता; कळलं तर कार्ड जाईल, म्हातारीचं औषध बंद होईल, त्याच्यावर खटला होईल. "तू म्हण, बाहेरून आणलं. अजून अठराचा नाहीस, सोडतील. शाळा तर सुटलेलीच आहे. तुझं आणखी काय जाणार?"

"पंधराव्या वर्षी मी याच डब्यात बोट घालायचो," ट्रॅव्हिस म्हणाला. "वर्षभर. वर्गात झोपायचो. तुम्ही म्हणायचात, पोरगं आळशी निघालं. माझ्यावर रोज संशय घेतलात, बाबा. डब्यावर एकदा तरी घ्यायचा."

मग मीमॉ उठली. वाकड्या बोटांनी झाकण दाबून बसवलं आणि डबा ट्रॅव्हिसच्या हातात दिला. डॉक्टरला सांग, ती म्हणाली, मी कढवलंय; किती घातलं ते मी फोनवर सांगते.

रॉय दारातून हलला नाही.

"बाजूला व्हा," ट्रॅव्हिस म्हणाला. "ते अजून विचारतायत, काय खाल्लं. मला निघायला हवं."