पाच गाड्यांपर्यंत शांतता

लाग्रोझ गाव इतकं शांत होतं की तिथल्या कुत्र्यांना भुंकायचं निमित्त शोधावं लागे. त्याच भरवशावर एदविजने तिथली बंद पडलेली शाळा विकत घेतली, वर्गांच्या झोपायच्या खोल्या केल्या, खडूने लिहायचे काळे फळे भिंतीवर तसेच ठेवले आणि ती पाहुण्यांची वाट बघत बसली. पाहुणे म्हणजे सायकलवाले. जाड टायरच्या सायकली घेऊन खडीच्या वाटांनी हिंडणारे आणि मोटारीचा आवाज आला की तोंड आंबट करणारे. असे लोक फ्रान्समध्ये पुष्कळ होते. फक्त लाग्रोझ नावाचं काही आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सांगण्याचं काम एक संस्था करायची. ती रस्ते तपासून ‘निवांत वाट’ अशी निळी पाटी द्यायची आणि आपल्या नकाशात गावाचं नाव घालायची. पाटी मिळाली तर शाळा पुन्हा भरणार होती. नाही मिळाली तर एदविजला लिमोज शहरात परत जाऊन विमा कंपनीच्या फोनवर लोकांच्या फुटलेल्या काचांची गाऱ्हाणी ऐकायची होती. तारुण्य तिने तिथेच घालवलं होतं, आणि ते परत मागायलासुद्धा तिला त्या इमारतीत जायचं नव्हतं.

तपासनीस मंगळवारी येणार होता. नियम सोपा होता. पूर्ण फेरीत चालत्या मोटारी जास्तीत जास्त पाच. सहावी दिसली की पाटी नाही.

सोमवारी पावाची गाडी हॉर्न वाजवत चर्चसमोर आली आणि गाव पाव घ्यायला जमलं. एदविजने सरपंच एमे प्रादोंना बाजूला घेतलं.

“सरपंच, उद्या तेवढे रस्ते मोकळे राहू द्या. बाकी काही नको.”

“बाकी काही नको?” सरपंचांना वाईट वाटलं. “पोरी, गाव तुझ्यासाठी काही करणार नाही असं वाटतं का तुला?”

“काही करू नका, हेच मागतेय मी.”

“बघतो मी,” सरपंच म्हणाले आणि पावाचं टोक मोडून खाऊ लागले.

एदविज निर्धास्त घरी गेली. काही न करणं हे एकच काम सरपंचांना आयुष्यात जमलेलं नाही, हे तिला माहीत होतं; पण त्या संध्याकाळी ती विसरली.

तपासनीस मस्यू तेसिये सकाळी स्टेशनवरून सायकलनेच आला. उंच, वाळलेला, गंभीर माणूस. अंगठ्याला एक मोजायचं यंत्र बांधलेलं. बटण दाबलं की ‘टिक्’ करणारं.

“उभ्या गाड्यापण मोजता का?” एदविजने विचारलं.

“उभी गाडी म्हणजे पत्रा,” तेसिये म्हणाला. “चालती गाडी म्हणजे गाडी. आणि मी सायकलवर बोलत नाही.”

निघाले. दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं, कुंपणामागे तांबूस गायी, आणि आवाज फक्त टायरखाली चिरडणाऱ्या खडीचा. एदविजच्या मनात आलं, हा माणूस आताच पाटी काढून देईल बहुतेक.

पहिल्या फाट्यावर एक गाडी उभी होती. शेजारी पिवळं जाकीट घालून, हातात झेंडी घेऊन निवृत्त पोस्टमन लुसियां उभा.

“जा, बिनधास्त जा,” तो म्हणाला. “कोणाला येऊ देत नाही मी.”

येणार तरी कोण होतं? येऊ शकणारे सगळे पुढच्या फाट्यांवर पिवळी जाकिटं घालून उभे होते. लाग्रोझमध्ये दरवर्षी जुलैत सायकलची शर्यत होते, तेव्हा सरपंच असाच बंदोबस्त लावतात. आणि लाग्रोझमध्ये दारातल्या टपालपेटीपर्यंत जायचं तरी लोक आधी गाडीची किल्ली शोधतात.

उभ्या गाड्या म्हणजे पत्रा, असं घोकत एदविज पायडल मारत राहिली. मग तिला शर्यतीची दुसरी पद्धत आठवली. फाटे जास्त, माणसं कमी. म्हणून शेवटचा सायकलवाला पुढे गेला की फाट्यावरचा माणूस गाडीत बसतो, सायकलवाल्यांना मागे टाकतो आणि पुढचा रिकामा फाटा धरतो.

मागून इंजिनाची घरघर आली. लुसियांने गाडी अगदी सभ्यपणे हळू केली, काच खाली घेतली. “मस्त चाललंय. पुढचं मी बघतो.”

टिक्.

दुसऱ्या फाट्यावर केस कापणारी मार्तिन होती. तीही मागून आली. टिक्. तिसऱ्यावर खुद्द सरपंच, गळ्यात शिट्टी, सोबत पंचायतीचा ट्रक. टिक्. मग पुन्हा लुसियां.

“अहो, ही तीच गाडी आहे,” एदविज न राहवून म्हणाली.

तेसियेने सायकल थांबवली, कारण त्याला उत्तर द्यायचं होतं. “गाडी तीच. आवाज नवा.” टिक्.

मार्तिन दुसऱ्यांदा गेली तेव्हा तिने हॉर्नही वाजवला, प्रोत्साहन म्हणून. पाच झाले.

पुढच्या फाट्यावर सरपंच दिसताच एदविजने तेसियेला मागे टाकून सायकल पळवली.

“सरपंच, पाया पडते. इंजिनाला हात लावू नका. सगळ्यांना सांगा, जिथे आहात तिथे पुतळ्यासारखे उभे राहा.”

“इतकी माणसं कामाला लावली, त्याचं हे बक्षीस,” सरपंच म्हणाले. “बरं. नाही हलत कोणी. पण बारापर्यंतच हं.”

“बारानंतर?”

सरपंचांनी तिच्याकडे ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “बारानंतर जेवायला जायचं.”

गावाकडे जाणारा रस्ता एकच होता, आणि ते दोघे त्याच रस्त्यावर होते. बाराला सगळं लाग्रोझ त्यांच्या अंगावरून जेवायला जाणार होतं.

एदविजने वेग वाढवला. तेसियेने वाढवला नाही. त्याने थांबून पाणी प्यायलं. बुटाची नाडी बांधली. कोकिळेसारखं काहीतरी ओरडलं, ते संपेपर्यंत मान तिरकी करून ऐकलं. टेकडीच्या चढावर पोचले तोच खाली चर्चची घंटा सुरू झाली. आणि घंटेबरोबर साऱ्या शिवारातून, एकामागून एक, इंजिनं सुरू झाली.

एदविजने डोळे मिटले. लिमोजच्या फोनची घंटी तिला आत्तापासूनच ऐकू यायला लागली. पहिली गाडी धडधडत गेली. दुसरी गेली. तिने ‘टिक्’ची वाट बघितली. ‘टिक्’ येईना.

तिने एक डोळा उघडला. तेसिये गवतात बसला होता. गळ्यात रुमाल खोचलेला, मांडीवर पाव, सॉसेज आणि चीजचा तुकडा. मोजायचं यंत्र त्याने मोज्यात गुंडाळून पिशवीत टाकलं होतं.

“बारा वाजले,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“बारा ते दोन मी तपासनीस नाही. बारा ते दोन मी जेवतो. बसा, हे चीज घ्या.”

समोरून लाग्रोझच्या इतिहासातली सगळ्यात मोठी मिरवणूक गेली. लुसियां गेला, मार्तिन गेली, सरपंचांचा ट्रक गेला, मागून गवताचे भारे लादलेला ट्रॅक्टर, आणि मंगळवार तिचा वार नसताना पावाची गाडी. प्रत्येक काच खाली झाली. प्रत्येकजण “सावकाश जेवा, साहेब” म्हणाला, आणि तेसियेने प्रत्येकाला सुरी उंचावून नमस्कार केला.

“बरीच रहदारी आहे इथे,” चीजवरची धूळ फुंकत तो म्हणाला.

एदविजने हातातला पाव खाली ठेवला.

“असेल,” तो पुढे म्हणाला. “मला काय त्याचं. मी जेवतोय.”

दोननंतर यंत्र पुन्हा अंगठ्यावर चढलं, तेव्हा गाव ताणून झोपलं होतं. बटाटे-साय भरून भाजलेली जाड रोटी खाल्ल्यावर लाग्रोझमध्ये कोणी गाडी चालवत नाही. चालवू शकतच नाही. उतारभर फक्त खडी वाजत होती. तरी प्रत्येक वळणावर एदविज श्वास रोखत होती.

गावाच्या पलीकडे, स्टेशनच्या वाटेवरच्या शेवटच्या फाट्यावर लेओनीआजी बसली होती. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून ती सकाळी घडीची खुर्ची काखेत मारून चालत आली होती. जेवायला जायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, न्यायलाही कोणी आलं नव्हतं. पिवळं जाकीट गुडघ्यापर्यंत आलेलं. तिने काठी आडवी धरली.

“थांबा.”

दोघे थांबले.

“कोणी आलं की थांबवायचं, असं सरपंचांनी सांगितलंय. तुम्ही पहिलेच.”

“सकाळपासून पहिलेच?” तेसियेने विचारलं.

“तर काय. इथे कोण येतंय? मुलगा येतो म्हणाला होता रविवारी, तोही नाही आला.” तिने डबा उघडला. “हेझलनटचा केक आहे. दोघांपुरता आहे, मी खाल्ला माझा.”

तेसिये केक चघळत रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने यंत्र काढलं, पिशवीतून कापडात बांधलेली पाटी काढली आणि एदविजच्या हातात दिली.

“पाच,” तो म्हणाला. “काठावर. पण या बाईंसारखा साक्षीदार मला कुठल्या गावात मिळाला नव्हता.”

एदविजने कापड सोडून बघितलं. तिने पाटी पोटाशी धरली आणि सकाळपासून अडकलेला श्वास एकदाचा सोडला. तो इतका लांब होता की आजीने तिला प्यायला पाणी दिलं. तेसिये टोपीला हात लावून स्टेशनच्या वाटेने गेला. खडीचा आवाज बारीक होत होत संपला. मग कसलाच आवाज नव्हता.

“सरपंचांना सांगू का पाटी ठोकायला?” आजीने विचारलं. “त्यांच्याकडे शिडी आहे. ट्रकमधून आणतील.”

“नको नको,” एदविज म्हणाली. “तुमची खुर्ची द्या फक्त, तिच्यावर चढून ठोकते मी.”

तिने खुर्ची सायकलच्या हँडलला अडकवली, आजीचा हात धरला, आणि दोघी चालत निघाल्या.