तापाच्या औषधाचा तक्ता

अंधांसाठी पुस्तकं तयार करायला आम्ही तिघं वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचो. मशीन पानाचा फोटो काढून त्यातली अक्षरं ओळखायचं, आम्ही त्याच्या चुका काढायचो, मग यंत्राचा आवाज ते पुस्तक वाचून दाखवायचा. कामाच्या प्रमुख मोठ्या बाई, निवृत्त शिक्षिका. कंपाउंडर जन्मभर दवाखान्यात पुड्या बांधलेला. मी हमाल. अक्षरओळख चाळिशी उलटल्यावर झाली, म्हणून शब्दाखाली बोट ठेवूनच वाचतो.

"तुमचं पान संपेस्तोवर माझी दाढी वाढते," कंपाउंडर म्हणायचा. पण किचकट पानं माझ्याचकडे यायची.

घरच्या आजारपणाच्या पुस्तकातला तक्ता असाच आला. एका रकान्यात मुलाचं वजन, शेजारी तापाच्या औषधाचं माप. मशीन आधी सगळी वजनं उतरवतं, मग सगळी मापं. जोड्या आपण लावायच्या. मोकळ्या जागा काढून टाकायच्या हा बाईंचा नियम, नाहीतर आवाज मध्येच अडतो. दुसऱ्या वजनापुढची जागा कोरी होती; त्याला वरचंच माप लागू होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी ती काढली. खालची सगळी मापं एकेक ओळ वर सरकली. शेवटच्या वजनाला माप उरलं नाही तेव्हा मी थबकलो होतो. पण पानाचा कोपरा फाटका होता. 'मजकूर फाटला आहे' असं लिहून मी पुढे गेलो.

पाच महिन्यांनी एका बाईचा फोन आला.

"मला दिसत नाही. तुमचं पुस्तक ऐकून मुलीला औषध पाजलं. चार दिवस. मुलगी गेली. डॉक्टर म्हणाले, औषध जास्त झालं. सासूबाई धाकट्या बाळाला हात लावू देत नाहीत. पुस्तक वाचणारं यंत्रही उचलून ठेवलंय. बारा किलोची ओळ तेवढी वाचाल?"

मी कपाटातून छापील पुस्तक काढलं. "बारा किलोला अडीच मिली."

"मी साडेतीन ऐकलं होतं. म्हणजे मीच चुकले." तिने फोन ठेवला.

मग मी आमची फाइल लावली. आवाज म्हणाला, साडेतीन.

"फाइल सुधारा आणि गप्प बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "हजार पुस्तकं आहेत आपली. कोण विश्वास ठेवेल?"

कंपाउंडर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पत्ता सभासदांच्या वहीत आहे."

मी त्या पत्त्यावर गेलो. दार तिच्या सासूने उघडलं. खांद्यावर सहा-सात महिन्यांचं बाळ. नवरा घरीच होता, ती भिंतीला टेकून बसलेली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कोरी जागा, फाटका कोपरा, सगळं.

"म्हणजे हिचा दोष नाही?" सासूने विचारलं.

"नाही. माझा."

"बरं. उद्या आणखी कुणी हिला भलतंच वाचून दाखवेल. तेव्हा कुणाचा दोष?"

"काका," भिंतीपाशी बसलेली ती म्हणाली, "मी औषधाच्या पिचकारीवरच्या मापाच्या खाचा बोटाने मोजायची. माझी मोजणी बरोबर होती ना?"

"बरोबर होती, पोरी."

"लिहून द्या."

नवऱ्याने कागद दिला. एवढ्या दोन ओळी लिहायला मला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही. खाली सही केली. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं, एकदा तिच्यासाठी, एकदा आईकडे बघून.

बाळ रडायला लागलं. तिने आवाजाच्या दिशेने दोन्ही हात पुढे केले. सासू क्षणभर जागेवरच उभी राहिली, मग बाळाला थोपटत आतल्या खोलीत निघून गेली.

"आईला जरा वेळ द्या," नवरा म्हणाला. मला म्हणाला, तिला नाही. तिचे हात अजून तसेच होते.