दाजींच्या पार्टीचे शर्ट

दाजींचा फोन घेताना भावेश हसत होता. फोन ठेवल्यावर त्याचं तोंड असं काही उतरलं की मेहविशने कॉम्प्युटरवरचा हात काढून विचारलं, "कोण वारलं?"

"कुणी न्हाय. दाजी येतायत उद्या. एक बोलायचं हाय म्हणाले."

"मग येऊ दे ना! चाय पाजू, स्टुडिओ दाखवू. उसमें रोने का क्या है?"

रडण्यासारखं काय आहे ते मेहविशला कुठून कळणार? दाजी म्हणजे कामतघर गावच्या बेंजो पार्टीचे, वाजवणाऱ्यांच्या ताफ्याचे, मालक. तुळशीचं लग्न लागलं की गावोगाव हळदी सुरू होतात, आणि हळद म्हटली की बेंजो हवाच. भावेश हा दाजींचा बेंजोवाला. आहे म्हणायचं की होता, तिथेच सगळं घोडं अडलं होतं. गेले दोन हंगाम तो वाजवायला गेला नव्हता. पहिल्या वर्षी त्याने पाठ धरल्याचं सांगितलं, दुसऱ्या वर्षी कापडाची मोठी ऑर्डर आल्याचं. ऑर्डर खरी होती. पाठ मात्र ठणठणीत होती.

आता जी गोष्ट भावेशने बायकोलाही कधी धड सांगितली नव्हती, ती इथे सांगून टाकायला हवी. त्याला बेंजो वाजवायला आवडत नसे. हात सुरेख होता. त्याची बोटं पट्ट्यांवरून फिरू लागली की म्हाताऱ्या बायाही पदर खोचून नाचायला उठत. पण हंगाम जवळ आला की हा तो कधी संपेल याचे दिवस मोजू लागायचा. तीच गाणी, तेच झिंगलेले पाहुणे, कानाशी येऊन तीच फर्माईश. लोक म्हणत, देवाची देणगी आहे पोराकडे. देणगी परत करायची सोय असती तर भावेश रांगेत पहिला उभा राहिला असता.

आणि सांगणार तरी कुणाला? बाप गेला तेव्हा भावेश शाळेत होता. दाजींनी त्याच्या मांडीवर बेंजो ठेवला, पार्टीत घेतलं, आई आजारी पडली तेव्हा महिनाभर आपल्या घरून डबा पोचवला. अशा माणसाला 'मला हे नको' म्हणायचं तर जीभ झडली पाहिजे.

कापडाच्या डिझाइनचा हा स्टुडिओही झाला तो दाजींमुळेच. पार्टीला दर हंगामात नवे एकसारखे शर्ट लागत. वाजवता वाजवता भावेशचं सगळं लक्ष त्या शर्टांकडे. मांडवाच्या पिवळ्या दिव्यात जांभळ्या रंगाचं मातेरं होतं, बारीक रेघा लांबून दिसतच नाहीत, हे तो मनात टिपत राही. एका वर्षी त्याने स्वतःच कागदावर पट्टे काढले आणि नारपोलीत मुनीरचाचांच्या लूमवर, यंत्रमागाच्या कारखान्यात, जाऊन उभा राहिला. चाचा आधी हसले, मग उरलेल्या सुतातून त्यांनी तेवढं कापड विणून दिलं. त्या शर्टांत पार्टी उभी राहिली आणि लोक गाण्यांआधी कापडाचं विचारू लागले. दुसऱ्या पार्ट्या आल्या, बँडवाले आले, मग बाजारातले व्यापारी आले. चाचांनी लूमच्या वरच्या दोन खोल्या दिल्या आणि कॉम्प्युटर शिकलेली आपली मुलगी मेहविशही कामाला दिली. खालच्या लूमनी दिवसभर जमीन थरथरायची, टेबलावरचे पेन घरंगळायचे. पण इथे बसल्यापासून भावेशने कधी दिवस मोजले नव्हते.

आज तो तास मोजू लागला.

दुसऱ्या दिवशी दाजी आले ते इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी भिंतीवरचे नमुने पाहिले, बोटांनी कापड चाचपलं, मेहविशला कुठपर्यंत शिकलीस म्हणून विचारलं. उन्हाबद्दल बोलले, गोदामांच्या ट्रकांबद्दल बोलले. जे बोलायला आले होते तेवढं सोडून सगळं बोलले. भावेश मान डोलवत होता आणि मनात नकाराची वाक्यं जुळवत होता. एकही पुरी होईना.

"हंगाम आला," अखेर दाजी म्हणाले. "शर्ट पायजेत. मापं लिवून घे."

दाजींना सगळ्यांची मापं तोंडपाठ. ढोलवाल्याचं पोट सुटलंय, त्याला सैल ठेव. कॅसिओवाल्याच्या बाह्या आखूड कर. भावेश लिहीत गेला. एकेकाचं माप लिहून झालं. आता आपली पाळी. त्याने नकळत पोट आत घेतलं.

"आनि बेंजोवाला," दाजी म्हणाले आणि थांबले. "छाती बत्तीस."

भावेशने मान वर केली. दहावीत असतानाही त्याची छाती एवढी बारीक नव्हती.

"बत्तीस कुनाची, दाजी?"

"ऋतिकाची." दाजी कपात बघत होते, कपातला चहा केव्हाच संपला होता. ऋतिका ही त्यांची नात, कॉलेजात जाणारी. "रागावू नको पोरा. तुझी जागा मी दोन वर्सं धरून ठेवली. भाड्याचा मानूस आनून भागवलं. आता पोरगी मागं लागली. तुझ्यासारखा हात न्हाय तिचा, पन जीव लावून वाजवते. जागा तुझी हाय. तू न्हाय म्हनलास तर मी तिला घरी बसवतो. तुला इचारल्याबिगर कसा शर्ट शिवू?"

'तुझ्यासारखा हात न्हाय' हे ऐकून भावेश क्षणभर सुखावला, खोटं कशाला बोला? पण लगेच छातीवरची मोठी शिळा घरंगळून गेली. तो हसायला लागला. हसता हसता डोळे भरून आले.

"दाजी," तो म्हणाला, "मला वाजवायला आवडत न्हाय."

"आता?"

"कधीच न्हाय आवडलं."

"इतकी वर्सं वाजवलंस की!"

"तुमच्यासाठी वाजवलं."

दाजींनी रिकामा कप हातात फिरवला. मेहविशने उगाचच माऊस हलवला. भावेशला वाटलं, दुखावलं आपण म्हाताऱ्याला. मग दाजींनी कप टेबलावर आपटला.

"मग आदीच सांगायचंस ना, गाढवा! त्या पोरीला मी दोन वर्सं मोरीत कोंडून वाजवायला लावली, तुझ्या कानावर जाऊ नये म्हनून! तुझी गाडी दिसली की मी गल्ली बदलतो!"

"मी पन बदलतो, दाजी."

यावर दाजी जे हसले ते ठसका लागेपर्यंत. मेहविश पाणी घेऊन धावली. जाताना जिन्याच्या तोंडाशी त्यांनी भावेशच्या पाठीवर हात ठेवला.

"तुळशीचं लगीन लागलं की पहिल्याच रविवारी आमच्या शेजारच्या कुनालची हळद हाय. ये."

"दाजी, आत्ताच तर..."

"जेवायला ये म्हनतोय. वाजवनाऱ्यांची पंगत कायम शेवटची. माझ्याकडं आल्यापास्नं तू कुठल्या हळदीत गरम घास खाल्ला नसशील. पहिल्या पंगतीला बस."

त्या रविवारी दिवे लागताना भावेश कुणालच्या मांडवात पहिल्या पंगतीला बसला. बायको शेजारी होती. समोर नव्या शर्टात ऋतिका वाजवत होती. एका वळणावर तिची बोटं अडखळली, दोन माणसांनी वळून भावेशकडे पाहिलं. तिने पुन्हा सूर पकडला आणि लोक नाचायला लागले. दिव्याखाली पट्टे अगदी हवे तसे उठून दिसत होते.

कुणालची आत्या सीताबाई वाढत वाढत त्याच्यापाशी आली. पातेलं टेकवून ती त्याच्याकडे कणवेने बघत राहिली.

"तुझी जागा व्हती ती. वाईट वाटत आसंल ना रं?"

भावेशने भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. जीभ पोळली. तोंडावर हात धरून त्याने मान हलवली.

"न्हाय गो आत्या," घास गिळून तो म्हणाला. "पोरगी मस्त वाजवते. आनि मटन गरम हाय."