लॉकवरच्या दांडक्याचं गाऱ्हाणं

थांबा, उचलून बाजूला ठेवू नका. मी दांडका आहे हे खरं, पण कुत्र्याला दाखवायचा दांडका नव्हे. मी इंग्रजांच्या देशातल्या, कॅल्डर नदीच्या खोऱ्यातल्या कालव्याचा दांडका बोलतोय. आयुष्यभर गप्प राहिलो, आता मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझं लाकूड ओकचं. लॉकचा जुना दरवाजा बदलला, तेव्हा त्याच्या फळीतून एमस सगडनने मला कापून काढलं. एक टोक चौकोनी ठेवलं, दुसरं मुठीसाठी गोल तासलं. एमस एलंडजवळच्या लॉकवरचा राखणदार होता. लॉकच्या काठावरच त्याचं घर होतं.

कालवा डोंगर उतरतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला एक लॉक, म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेली दगडी पाण्याची खोली. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराच्या झडपा उचलून पाणी सोडायचं, की होडी हळूहळू खाली बसते. इतर कालव्यांवर झडपा लोखंडी हँडलने फिरवतात. आमच्याकडे दांडका लागतो. झडपेच्या चाकाच्या खाचेत मला खुपसायचं, अंगाचा भार टाकून दाबायचं, काढायचं, पुढच्या खाचेत खुपसायचं. मी नसलो तर झडप ढिम्म हलत नाही. एवढा माझा मान होता.

एमसचा मुलगा विल्फ माझ्याच सोबतीने वाढला. कोळशाच्या होड्या यायच्या, तो त्यांना खाली सोडायचा आणि काठावरून बघत राहायचा. सबंध लहानपण त्याने दुसऱ्यांच्या होड्या उतरवल्या, पण स्वतः एकीतही पाय ठेवला नाही. होडीवाल्यांना घाई असायची आणि राखणदाराच्या पोराला मागायची लाज वाटायची. पुढे कोळसा रस्त्याने जायला लागला. एमसची नोकरी गेली, तिच्याबरोबर घरही गेलं. विल्फ स्कनथॉर्पच्या पोलाद कारखान्यात लागला. जाताना त्याने घरातून फक्त मला उचललं.

तिथे त्याचं बेरिलशी लग्न झालं. बाई तोंडाने फटकळ, मनाने लोणी. लग्नानंतर पहिल्याच जानेवारीत त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कालव्याचा नकाशा पसरला. एका कोपऱ्यावर मला ठेवलं, दुसऱ्यावर चहाची किटली, तिसऱ्यावर मार्मलेडची बरणी. चौथ्यावर बेरिलने कोपर टेकलं. "या उन्हाळ्यात होडी भाड्याने घ्यायची आणि बापाच्या लॉकमधून खाली जायचं," विल्फ म्हणाला. बेरिलने फक्त संडासाची सोय विचारली.

त्या उन्हाळ्यात जमलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बेरिलची आई आजारी पडली. मग छप्पर गळायला लागलं. एका वर्षी पुराने कालव्याचा काठच फुटला. मग मुलीचं, लॉर्नाचं, लग्न आलं आणि लगोलग तिचा घटस्फोट आला. पण नाताळची सजावट उतरली, की नकाशा टेबलावर यायचाच. कुठल्या पबखाली होडी बांधायची, मांस भरलेली पेस्ट्री कुठली चांगली, पाऊस लागला तर पत्ते कुठे खेळायचे, सगळं ठरायचं. इंग्रज माणसाला सहलीपेक्षा सहलीचा बेत जास्त आवडतो, हे मी नकाशाच्या कोपऱ्यावर बसून शिकलो. मलाही तेव्हा त्याचं दुःख नव्हतं. वाटायचं, वेळ आहे.

मग विल्फच्या डोळ्यांनी दगा दिला. त्याला समोरचं दिसेना, फक्त कडेकडेचं दिसायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुढच्या हिवाळ्यापर्यंत तेही जाईल. त्या जानेवारीत विल्फ नकाशावर नाक टेकवून बसला होता. नकाशा त्याला वाचता येत नव्हता, बोटाने मात्र तो प्रत्येक वळण अचूक दाखवत होता.

"एकदाच," तो म्हणाला. "होडीत उभं राहून त्या लॉकमधून खाली जायचंय. वरून खूप बघून झालं. खालून भिंती कशा दिसतात ते बघायचंय. नंतर गेले डोळे तर जाऊ देत."

लॉर्नाने लगेच लॅपटॉप ओढला. पोर गुणी आहे, पण एकदा मनावर घेतलं की वाऱ्यावर स्वार. बाप बोलत गेला, ती टिपत गेली. टॉडमॉर्डनहून निघायचं, दुसऱ्या कालव्याने उतरत सॉवरबी ब्रिज गावाला यायचं, तिथून आमच्या कालव्यात शिरायचं. होडी भाड्याने देणाऱ्यांनी कुठवर जाणार म्हणून विचारलं, तेव्हा तिने सॉवरबी ब्रिज सांगितलं, कारण तिच्या कानावर तेच नाव ओळखीचं होतं. तिथपर्यंतची लॉकं लांब आहेत, म्हणून त्यांनी खुशाल जा म्हटलं. मग तिने कौतुकाने सांगितलं, "बाबा, ऐसपैस होडी घेतलीय. सहासष्ट फुटी. दोन्ही टोकांना संडास."

बेरिल खूश झाली. मी मात्र मनातल्या मनात फुटं मोजली. अहो, आमची लॉकं आखूड! सत्तावन्न फुटांची होडी सुखाने मावते. साठ फुटी असेल तर तिरकी घालून, नाकावर धक्का झेलायला बांधलेले दोरखंडी गोंडे वर ओढून, देवाचं नाव घेत उतरवायची. सहासष्ट फुटांचं नावच काढू नका.

तुम्ही म्हणाल, राखणदाराच्या मुलाला एवढं कळू नये? तेच तर सांगतोय. त्याच्या लहानपणी लांब होडी तिथे कधी आलीच नाही. येत त्या सगळ्या मावत. होडी न मावणं ही गोष्ट असते, हे त्याच्या गावीच नव्हतं. त्याने लॉर्नाला झडपा सांगितल्या, वारा सांगितला, दांडका विसरू नका म्हणून दहादा बजावलं. लांबीचा आकडा त्याने ऐकला आणि मान डोलावली.

मी काय करणार? मला तोंड नाही. मी टेबलावरून घरंगळलो आणि धाडकन बेरिलच्या पायावर पडलो. "हा मेला दांडका," ती म्हणाली आणि तिने मला उचलून परत नकाशावर ठेवलं. तेव्हापासून निघेपर्यंत मी रोज तळमळत होतो. ती माणसं रोज आनंदाने कुठली बिस्किटं न्यायची ते ठरवत होती आणि मला त्यांचा आनंद बघवत नव्हता.

जूनमध्ये निघालो. मी होडीच्या टपावर होतो. मागे सुकाणूवर विल्फ, शेजारी डावं-उजवं सांगायला लॉर्ना, आणि लॉकं उघडायला गुडघे चोळत बेरिल. विल्फचा चेहरा असा उजळला होता, की वाटलं, आपला हिशेब चुकला असेल. सॉवरबी ब्रिजच्या खोल लॉकवरचा माणूस म्हणाला, "खाली बेसिनच्या रुंद पाण्यात होडी वळवायला भरपूर जागा आहे बरं." त्याला वाटलं होतं की ही होडी तिथूनच परत फिरणार. लॉर्नाने गोड हसून आभार मानले. आम्ही वळलो नाही. पुढे गेलो.

साल्टरहेबलला आमच्या कालव्याचं पहिलं आखूड लॉक लागलं. विल्फने होडी अलगद आत घेतली. नाक पुढच्या दाराला टेकलं. मागे बेरिलने दाराच्या तुळईला पाठ लावून रेटलं आणि दार होडीवर ठप्प करून आपटलं. त्यांनी गोंडे वर ओढले, होडी तिरकी केली, पुन्हा रेटलं. पुन्हा तेच.

विल्फने हात बाजूला करून चाचपलं. हाताला ओलं, शेवाळलेलं लाकूड लागलं.

"दार माझ्या मागे हवं," तो म्हणाला. "हे तर माझ्या कमरेला लागतंय."

 मग त्याने होडीची लांबी पुन्हा विचारली आणि लॉर्नाने ती रडत सांगितली. तो तिच्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुझं नाही गं चुकलं. इथे एवढी लांब कधी आलीच नाही. मला सांगायचं सुचलंच नाही."

मागे एक आखूड हिरवी होडी येऊन थांबली होती. तिच्यावर दोन बायका आणि एक केसाळ कुत्रा. आम्ही दोर ओढत होडी बाहेर काढली, काठाला बांधली आणि चार वेळा माफी मागितली. त्यांनीही आमची माफी मागितली, कशाबद्दल ते देव जाणे. त्यांची होडी आत गेली, मागे हातभर जागा उरली. जन्माची खोड सुटते का? विल्फने मला टपावरून उचललं आणि चाचपडत चाकाच्या खाचेत बरोबर खुपसलं. इतक्या वर्षांनी ती खाच अंगाला लागली आणि मला क्षणभर आनंद झाला. त्या आनंदाची मला अजून शरम वाटते.

पाणी सोडण्याआधी त्या दोघींतल्या तांबड्या टोपीच्या बाईने विचारलं, "आम्ही ब्रिगहाउसपर्यंत चाललोय. एलंडवरूनच जाणार. येता का बरोबर? जागा आहे."

जागा होती. एमसचं लॉक वाटेत होतं. विल्फचा हात माझ्यावर घट्ट झाला, मला जाणवलं. आणि तो म्हणाला, "छे छे, आम्ही अगदी मजेत आहोत. तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"बरं तर," बाई म्हणाली.

या देशात पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारा अधाशी ठरतो आणि दुसऱ्यांदा विचारणारा आगाऊ ठरतो. विल्फ तिच्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता. ती त्याला अवघडवायला नको म्हणून गप्प बसली. मी ओरडत होतो, हो म्हण, अरे मूर्खा, हो म्हण. त्याने माझ्यावर भार टाकला आणि पाणी सुटलं.

होडी भिंतींमधून खाली खाली बसत गेली. विल्फ काठावरून बघत होता, म्हणजे जिथे होडी असेल असं वाटत होतं तिथे बघत होता. बेरिल त्याच्याकडे बघत होती. खालचं दार उघडलं, होडी बाहेर पडली आणि तेवढ्यात बेरिल दुखऱ्या गुडघ्यांनी काठाकाठाने धावली. चारचौघात कधी आवाज न चढवलेली ती बाई ओरडली, "थांबा. याला घेऊन जा. याला यायचंय."

इंजिन धडधडत होतं. दोघी बायकांनी मागे वळून पाहिलं. त्या छान हसल्या आणि दोघींनीही हात हलवला.

"कोणाला हाक मारलीस?" विल्फने विचारलं.

"कोणाला नाही," बेरिल म्हणाली. "त्यांना अच्छा केला."

आता पुन्हा जानेवारी आहे. विल्फला खिडकी कुठे आहे एवढंच कळतं. लॉर्ना म्हणते, येत्या उन्हाळ्यात आखूड होडी घेऊ. तो म्हणतो, तुम्ही दोघी जाऊन या, मी कुत्रं सांभाळीन. त्यांच्याकडे कुत्रं नाही. नकाशा टेबलावर आलेला नाही. घराचं मागचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून मला त्याच्या फटीत अडकवलंय. इथून मला विल्फची खुर्ची दिसते.

माझं एवढंच मागणं आहे. उद्या काठावर एखादा म्हातारा हातात असा दांडका घेऊन उभा दिसला, आणि तुम्ही विचारल्यावर तो म्हणाला की आम्ही मजेत आहोत, तर त्याचं ऐकू नका. आणखी एकदा विचारा. आगाऊ म्हणाले तर म्हणू देत, पण विचारा.