गरम लागलं तर सांग

सानियाच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या त्या वर्गात बाकीच्या मुली डमीला आंघोळ घालताना निम्मं पाणी स्वतःच्या अंगावर आणि उरलेलं गादीवर सांडत होत्या. एकीने तर डमीचा हात असा ओढला, की खरी बाई असती तर उठून घरी चालू पडली असती. सानियाने मात्र चादर अलगद सरकवली, जेवढं धुवायचं तेवढंच उघडं केलं, उजव्या अंगापासून सुरुवात केली आणि गादीवर थेंब न पडू देता पायांपर्यंत आली. बाकीच्या मुली आपलं काम सोडून बघायला आल्या. आणि पौर्णिमा मॅडमनी तिला नापास केलं.

कारण साधं होतं. त्या सगळ्या वेळात सानिया एक अक्षर बोलली नव्हती. रुग्णाला आधी सांगायचं आणि मग हात लावायचा, ही या कामाची पहिली पायरी. ‘आता तुमचा हात पुसते’, ‘पाणी गरम लागलं तर सांगा’, असं बोलत राहायचं, आणि माणूस बेशुद्ध असला तरी बोलायचं. सानियाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या पायऱ्यांचा कागद तिने घरी ओट्यावरच्या फरशीला चिकटवला होता आणि भाकऱ्या थापता थापता ती तो घडाघडा म्हणायची. पण हात कामाला लागले की तोंड मिटायचं, त्याला ती तरी काय करणार?

पौर्णिमा मॅडम शिस्तीच्या, पण विचारल्याशिवाय शिक्का मारणाऱ्या नव्हत्या. बाकीच्या मुली गेल्यावर त्यांनी तिला थांबवून विचारलं, की ही आंघोळ तू शिकलीस कुठे? सानियाने खरं ते सांगितलं. आईकडून शिकले, म्हणाली, आणि आईचं काम काय ते सांगताना तिची मान खाली गेली.

शिळफाट्याला त्यांच्या मोहल्ल्यात कुणी बाई वारली, की हलिमाला बोलावणं यायचं. मय्यतीची शेवटची आंघोळ, म्हणजे गुस्ल, बाईला बाईनेच घालायची असते. घरातल्या बायका रडायला पुष्कळ असतात, हात लावायची वेळ आली की एकेकीचे पाय मागे सरतात. हलिमाचे कधी सरले नाहीत. हातातलं पीठ धुवून ती तशीच निघायची. नवरा मोहियुद्दीन बादल्या-टबांच्या दुकानात बसल्या बसल्या तिला जाताना बघायचा आणि आज रात्री जेवायला उशीर, हे मनाशी समजून घ्यायचा. सानियाला तांब्या उचलता यायला लागला तेव्हापासून ती आईच्या मागोमाग जात होती. हलिमाचे नियम दोनच होते. हात हलका ठेवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. कुणाच्या पोटावर टाके असतात, कुणाच्या पाठीवर भाजल्याचा जुना डाग असतो. धुणाऱ्याने जे पाहिलं ते डोळ्यांतच ठेवायचं, ओठांवर आणायचं नाही. मोहल्ल्यातल्या बायकांचा हलिमावर जो भरवसा होता, तो या एका गोष्टीवर होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुझे हात चांगले आहेत, सानिया. पण त्यांना अजून जिवंत माणसाची सवय नाही. घरी कुणाला तरी झोपव आणि बोलायला शीक.” जानेवारीत पुन्हा प्रॅक्टिकल घेईन, असंही त्या म्हणाल्या.

ती परीक्षा पुढे झाली आणि सानिया तीत पास झाली, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाचा जीव त्यात अडकून राहायला नको. अडकायचा तो दुसरीकडे अडकणार आहे.

झोपायला कोण तयार होणार? अर्थातच हलिमा. दिवाळीच्या सुट्टीत दुपारची भांडी झाली, की ती बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर पडायची, अंगावर चादर ओढून घ्यायची आणि डोळे मिटायची. पहिल्या दिवशी सानिया नेहमीसारखीच मुकाट्याने तिचा हात पुसू लागली. हलिमाने एक डोळा उघडला.

“बोल की गं. मी जिती हाय अजून.”

दोघी इतक्या हसल्या, की त्या दिवशी अभ्यास तिथेच राहिला. पण हळूहळू सानियाची जीभ सुटली. अम्मा, आता चेहरा पुसते. अम्मा, आता कूस बदल. हलिमाला त्याचं अप्रूप वाटायचं. जन्मभर तिने दुसऱ्यांना धुतलं होतं, तिला कुणी लहानपणानंतर असं हळुवार पुसलं नव्हतं, तेही विचारून विचारून. ‘पाणी गरम लागलं तर सांग’ असं सानिया म्हणाली, की हलिमा मुद्दाम वेळ काढायची. पोर तांब्या तसाच धरून उभी, आणि ही पडल्या पडल्या विचार करतेय. मग एखाद्या बेगमेच्या थाटात म्हणायची, “गरम नाय गं. ओत.” कशेळ्याहून हलिमाची धाकटी बहीण नाजनीन आली होती, ती चहाचा कप घेऊन हा तमाशा बघत बसली आणि हसून हसून तिला ठसका लागला. एवढी शिकवणी मेडिकलच्या पोरांनापण नाय मिळत, म्हणाली.

अशाच एका दुपारी सानिया आईचे पाय पुसत होती. घोट्याच्या वर तिने अंगठा टेकवला आणि उचलला, तर तिथे खड्डा राहिला. कणकेत बोट रुतावं तसा, आणि तो लवकर भरेना. तिने दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं, तिथेही तसंच. हलिमाचे श्वास जिना चढताना मोठे होतात, हल्ली ती दोन उशा घेऊन झोपते, हेही त्याच क्षणी सानियाला आठवलं. तिने वर पाहिलं. हलिमाचे डोळे उघडे होते आणि ती लेकीकडेच बघत होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं, आणि मग सानियाने चादर नीट करून पाय झाकले.

ती बोलली नाही. आंघोळीच्या सगळ्या पायऱ्या बोलायला शिकलेली पोर नेमकी तिथे बोलली नाही. जे पाहिलं ते डोळ्यांत ठेवायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं, आणि आईनेच मुरवलं होतं. हृदयाचा धडा वर्गात अजून यायचा होता. दिवसभर उभं राहून बायकांचे पाय सुजतातच, अशी तिने मनाची समजूत घातली. हलिमानेही विषय काढला नाही. ती बाई दुसऱ्यांचं झाकत आली होती, स्वतःचं कशाला उघडं करील?

जानेवारीत, प्रॅक्टिकलच्या आधीच्या शनिवारी, हलिमा न्हाणीघराच्या दारात बसली ती उठली नाही. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी कागद भरता भरता विचारलं, की यांचे पाय सुजत होते का. मोहियुद्दीन म्हणाला, नाय साहेब, तिला काय नव्हतं, धडधाकट होती. सानिया म्हणाली, “सुजत होते. दिवाळीपासून.” बापाने तिच्याकडे वळून पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, आणि ती नजर सानियाला पुढे कितीतरी वर्षं पुरली.

घराच्या मागच्या पडवीत चादरींचा आडोसा केला, मशिदीतून लाकडी तख्त आणलं, बोरीचा पाला घालून पाणी तापवलं. आणि मग बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मोहल्ल्यातली प्रत्येक बाई जिच्या भरवशावर होती, तीच आज तख्तावर होती. कशेळ्याहून आलेल्या नाजनीनने पदर खोचला, पण ती तख्तापासून दोन पावलं अलीकडेच थांबली. सानिया काही न विचारता पुढे झाली.

सुरुवातीला सगळं रीतीप्रमाणे चाललं. चादर अंगावर तशीच ठेवून सानियाने आईचे हात धुतले, चेहरा धुतला, ओल्या हाताने केस पुसले. नाजनीन तांब्या भरून देत होती. आडोशाआड कुणी बोलत नव्हतं, बाहेरून फक्त महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येत होता. सानियाचे हात जराही चुकत नव्हते, आणि त्याचाच तिला संताप येत होता. आईला ती त्या वर्गातल्या डमीसारखी धुवत होती. मी जिती हाय अजून, असं म्हणायला आता कुणी एक डोळा उघडणार नव्हतं.

ती पायांपाशी आली. सूज होती तशीच होती. तिने अंगठा टेकवला, उचलला, आणि खड्डा राहिला.

“अम्मा, आता पाय धुते,” सानिया म्हणाली.

कोपऱ्यातल्या एका म्हातारीने झटकन मान वर केली. मय्यतीपाशी बोलत नाहीत, हे हलिमानेच त्या सगळ्यांना शिकवलं होतं. नाजनीनने भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. सानिया थांबली नाही, तिचा आवाज वर्गात असावा तसा शांत होता.

“पाय सुजलेत तुझे. दाबलं की खड्डा पडतो. मी तवाच बघितलं होतं अम्मा, तुलापण ठाऊक हाय. मी बोलायला पायजे होतं.”

कुणी तिला गप्प केलं नाही. म्हातारीने पदर तोंडाशी नेला. सानियाने भरलेला तांब्या उचलला, आपल्या मनगटावर चार थेंब घेऊन पाहिले आणि तो आईच्या पायांवर धरला.

“पाणी घालते. गरम लागलं तर सांग.”

आणि सवयीने ती थांबली. तांब्या हातात तसाच, कललेला, पाणी काठापर्यंत आलेलं. आई नेहमी वेळ काढायची, तेवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला. सानियाचा हात दुखायला लागला, तरी तो पुढेही होईना आणि मागेही होईना. तख्ताच्या पलीकडून नाजनीन तिच्याकडे बघत होती. तिने एकदा बहिणीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली,

“गरम नाय गं. ओत.”

सानियाने पाणी ओतलं.