काळ्या घळीला वळसा

आमच्या सां-प्री गावात माणूस बायकोचं खरं वय सांगेल, डॉक्टरने काय सांगितलं तेही सांगेल, पण सेप नावाची रानातली अळंबी कुठे मिळते असं विचारा, लगेच बहिरा होतो. पाऊस पडून चार दिवस ऊन आलं की अख्खं गाव रानात असतं आणि रानात कुणीच गेलेलं नसतं. गाडी नदीकाठी लावायची आणि चालायचं उलट्या बाजूला. टोपली कोटाच्या आत. वाटेत कुणी भेटलंच तर कुत्रं शोधतोय म्हणायचं. ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलं नाही तेही शोधत असतात, आणि समोरचा गंभीर चेहरा करून "दिसलं तर सांगतो हं" म्हणतो.

माझी जागा काळ्या घळीत, तीन म्हाताऱ्या चेस्टनटच्या झाडांखाली. आता बोंबलून सांगायला हरकत नाही, का ते पुढे कळेलच. बाबा गेले त्याच्या आदल्या ऑक्टोबरात मला एकटीला तिथे घेऊन गेले. दम लागत होता त्यांना, तरी गेले. म्हणाले, "युगेत, हे फक्त तुला. अन्सेल्मला कळता कामा नये. दोन पेले पोटात गेले की तो गावभर दवंडी पिटेल."

अन्सेल्म माझा थोरला भाऊ. घर त्याला, शेत त्याला, गाई त्याला. मला आईचं शिवणयंत्र आणि ही जागा. मी कधी कुरकुर केली नाही. म्हणजे केली, पण मनापासून नाही. कारण बाबांनी विश्वास कुणावर टाकला? माझ्यावर! त्यांनी तर आईलाही सांगितलं नव्हतं. ती बिचारी दर वर्षी अळंबी पुसता पुसता विचारायची, "एवढी मिळते तरी कुठे?" आणि बाबा म्हणायचे, "वर." सगळ्या संसारात तिच्या पदरात तेवढंच उत्तर पडलं. मग ती मूठभर लसूण घालून आम्लेट करायची आणि बाबा खाली मान घालून खायचे.

दुखणं एकच होतं. कुणीतरी मेला चोर माझ्या आधी तिथे येऊन जायचा. चांगल्या, जाडजूड अळंबीचे नुसते देठ कापलेले दिसायचे. रविवारी अन्सेल्म माझ्याकडे जेवायला येतो, तेव्हा मी जागेचं नाव न काढता त्या चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. अन्सेल्म मान डोलवायचा. "हात झडोत हरामखोराचे," तोही म्हणायचा, कारण त्याचीही अळंबी म्हणे कुणीतरी चोरत होतं. भावाबहिणीचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि आम्ही मादाम फार्जना सरपंच केलं. बाई उत्तरेकडच्या, लील शहरातून आलेल्या. अळंबी डब्यातली खातात. यावरून काय ते समजा. त्यांच्या मनात आलं की गावाभोवती एक पायवाट आखायची, झाडांवर पिवळे पट्टे रंगवायचे, म्हणजे शहरातले लोक चालायला येतील, कॅफे चालेल आणि झोपलेलं गाव जागं होईल. गाव झोपलेलं कुठे होतं? गाव लपून बसलं होतं.

सभा भरली. मादामनी भिंतीवर नकाशा लावला आणि लाल पेनाने झोकात रेघ ओढली. ओकच्या रानातून वर, टेकडीच्या माथ्यावरून, खाली काळ्या घळीत, ओढ्याकाठाने परत चर्चपाशी. सुंदर वाट होती, खोटं का बोलू?

मग खाटीक उठला. "माथ्यावर रानडुकरं आहेत. पिसाळलेली."

"सगळी?" मादामनी विचारलं.

"बहुतेक."

शाळामास्तर उठले. ओकच्या रानात म्हणे एक दुर्मीळ बेडूक राहतो. मादामनी विचारलं, कुठला? मास्तर म्हणाले, दुर्मीळ. ओढ्याकाठी कुणाच्या तरी आजोबांना युद्धातला बाँब दिसला होता. रेघ सरकत सरकत काळ्या घळीकडे यायला लागली. मी उठले. "घळीत जमीन खचते," मी म्हटलं. "माणूस अख्खा आत जातो."

"कोण गेलं आत?"

"सापडलं कुठे, सांगायला?"

मादाम माझ्याकडे बघत राहिल्या. आता हसणार, असं मला वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून अन्सेल्म गरजला, "युगेत खरं बोलतेय! शिवाय गांधीलमाश्या आहेत तिथे. मुठीएवढ्या!"

अहो, मला भरून आलं. उभ्या आयुष्यात भावाने चारचौघांत माझी बाजू घेतलेली ती पहिलीच वेळ. आणि एवढ्यावर थांबलं नाही. बेकरीवाल्याची विधवा नोएमी, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत टेकत उभी राहिली आणि म्हणाली, "साप पण." मग जरा विचार करून म्हणाली, "मोठे."

मादाम फार्ज सगळं लिहून घेत होत्या. चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही लोक इथे जिवंत कसे राहिलात?" त्या म्हणाल्या.

शेवटी जी पायवाट ठरली ती अशी: चर्चपासून डांबरी रस्त्याने डुकरांच्या शेडपर्यंत, तिथून सांडपाण्याच्या तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा, विजेच्या खांबांखालून स्मशानाची भिंत, आणि परत. रान जिथे जिथे बरं दिसायला लागेल तिथे तिथे वाट कोनात वळायची. सगळ्यांनी हात वर केले. सां-प्रीत एकमताने मंजूर झालेला तो पहिला ठराव. मी दुसऱ्या दिवशी अक्रोडाचे दोन केक केले, एक अन्सेल्मला आणि एक नोएमीला. माणुसकी अजून आहे म्हणून सांगितलंही त्यांना. दोघांनी केक घेतला आणि दोघांचीही नजर जमिनीवर. मला वाटलं, लाजले.

उन्हाळ्यात चालणारे आले. दोन हातात दोन काठ्या, पाठीवर घर, डोक्यावर टोपी, आणि सपाट डांबरी रस्त्यावर अशी पावलं टाकायचे की बर्फाचा डोंगर चढताहेत. डुकरांच्या शेडपाशी थांबून फोटो काढायचे. एका बाईने मला सांगितलं की तळ्याला मातीचा खरा वास येतो. मी म्हटलं, हो, आम्ही सगळे मिळून तयार करतो तो.

ऑक्टोबर लागला. पाऊस पडला, ऊन आलं. मी उद्या जावं म्हणून टोपली काढली आणि त्याच संध्याकाळी दाराशी एक उंच डच माणूस पाणी मागायला आला. त्याच्या हातात टोपली होती आणि टोपलीत सेप अळंबी. शिगोशीग. माझ्या हातातला तांब्या तिथेच राहिला.

"कुठे मिळाली?" मी विचारलं. विचारलं हो मी! जन्मात पहिल्यांदा.

तो आनंदाने सांगायला लागला. त्यांच्याकडे विचारलं की सांगतात, असले लोक ते. "मॅडम, तुमची पायवाट फार हुशारीने आखली आहे. आधी मला कळेना, चांगलं रान समोर असताना वाट डुकरांकडे का वळते? मग लक्षात आलं. जिथे वाट काही कारण नसताना वळेल, तिथे मी सरळ गेलो. प्रत्येक वेळी मिळाली! त्या घळीला तर वाट तीन बाजूंनी वळसा घालते. म्हटलं, इथे नक्की खजिना असणार." आणि त्याने माझे आभार मानले. माझे!

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच घळीत गेले. गाडी सरळ घळीच्या तोंडाशी लावली, आता लपवायचं काय होतं? झाडांखाली सगळे देठ कापलेले. नेच्याखाली चारपाच अळंब्या राहिल्या होत्या, त्याला दिसल्या नसाव्यात. मी गुडघे टेकले आणि समोरच्या झुडपातून अन्सेल्म बाहेर आला. कोट पोटापाशी फुगलेला.

"कुत्रं शोधतोय," तो म्हणाला.

"टोपली दिसतेय तुझी."

मग दोघांनाही एकदमच उमगलं.

"तू? एवढी वर्षं तू?" मी ओरडले. "माझ्या घरी बसून, माझ्या हातचं खाऊन!"

"आणि तू माझे हात झडोत म्हणायचीस!"

"ते तू म्हणायचास! बाबांनी ही जागा मला दिली होती. मला एकटीला!"

अन्सेल्मने टोपी काढली. "मला म्हणाले, युगेतला सांगू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मी तिथेच ओल्या पाचोळ्यात बसकण मारली. अंग ओलं झालं तरी उठवेना. घर गेलं, शेत गेलं, त्याचं मला काही नव्हतं, हे एक होतं माझं. आणि तेही अर्धं. अन्सेल्मही बसला शेजारी. त्याचाही चेहरा उतरला होता. गाढव तोही समजत होता की तो एकटाच लाडका.

तेवढ्यात खालून पाचोळा वाजला. नोएमी येत होती. तुरुतुरु, हातात टोपली. काठी कुठे दिसेना. आम्हाला बघून थांबली, पण दचकली वगैरे काही नाही.

"तो लंबू येऊन गेला वाटतं," ती देठांकडे बघत म्हणाली.

"तुम्हाला ही जागा कुणी सांगितली?" अन्सेल्मने विचारलं.

"सिल्व्हँने."

सिल्व्हँ म्हणजे आमचे बाबा. गावात सगळे त्यांना आडनावाने हाक मारायचे.

"कधी?"

"तुम्ही दोघं नव्हता तेव्हा. त्याचं लग्नही व्हायचं होतं."

मला राहवेना. "मग आईला का नाही सांगितलं?" माझा आवाज नको तेवढा चढला. "ती मरेपर्यंत विचारत होती!"

"तेच तर," नोएमी म्हणाली. "मी कधी विचारलं नाही."

ती वाकली, नेचे बाजूला केले, चाकूने सगळ्यात मोठी अळंबी कापली, माती पुसली आणि माझ्या टोपलीत ठेवली. "घे. आम्लेट कर दोघांना. लसूण बेताने घाल, सिल्व्हँला चालायचा नाही."

मग उरलेल्या अळंब्या तिने आपल्या टोपलीत घातल्या आणि आली तशी निघून गेली. मला राग आला होता, बाबांचा, तिचा, आणि खरं सांगायचं तर आईचाही, इतकी वर्षं विचारत बसली म्हणून.

दुपारी अन्सेल्म जेवायला आला, रविवार नव्हता तरी. मी अळंबी चिरली, अंडी फेटली आणि लसूण सोलायला बसले. मूठभर सोलला. मग आणखी मूठभर सोलला. अन्सेल्म बघत होता. "आईसारखं कर," तो म्हणाला, आणि सोलायला हात पुढे केला.